उजेडाची वास्तुकला : लोणारचा गाभारा, अजिंठ्याची लेणी आणि चिखलीचा सूर्य

चिखलीहून मेहकरमार्गे लोणारला गेले की गावातच दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर लागते. बाहेरून ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे कोन काढत गेलेली त्याची भिंत मूर्तींनी गजबजलेली आहे. आत मात्र दाट काळोख आहे. मे महिन्याच्या मध्यात काही दिवस, दुपार होण्याच्या सुमारास, सूर्यकिरण या काळोखातून मूर्तीपर्यंत पोहोचतात. वर्षभर दिव्याच्या उजेडात दिसणारी मूर्ती तेवढे काही क्षण सूर्याच्या उजेडात दिसते. लोक याला किरणोत्सव म्हणतात आणि त्या दिवसांत मुद्दाम दर्शनाला येतात. वास्तू बांधताना दगड, चुना आणि लाकूड यांच्याइतकाच उजेडाचाही विचार करावा लागतो, याचे इतके जवळचे उदाहरण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात आहे. प्रस्तुत लेखात या विचाराची, म्हणजे वास्तुप्रकाशयोजनेची, तत्त्वे आणि परंपरा मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

वास्तूच्या आत व बाहेर नैसर्गिक आणि कृत्रिम प्रकाश किती, कोठून, कोणत्या रंगाचा आणि कोणत्या वेळी असावा हे ठरवणाऱ्या शास्त्राला व कलेला वास्तुप्रकाशयोजना म्हणतात. रंगभूमीवरील प्रकाशयोजना मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. ती दोन-तीन तासांपुरती असते आणि तिच्यासमोर प्रेक्षक एका जागी बसलेला असतो. वास्तूतील प्रकाशयोजना पिढ्यान्‌पिढ्या टिकायची असते, आणि तिच्यात माणूस हिंडतो, वाचतो, स्वयंपाक करतो, आजारी पडतो, झोपतो. म्हणून ती अधिक अवघड आहे, असे मला वाटते.

तिच्या अभ्यासासाठी लागणारे शब्द मराठीत फार पूर्वीपासून आहेत. छपराच्या फटीतून जमिनीवर पडणारा उजेडाचा ठिपका म्हणजे कवडसा. तिरकी येणारी किरणांची रेघ म्हणजे तिरीप. पहाटेचा अर्धवट उजेड म्हणजे झुंजूमुंजू. दिवा मिणमिणतो, झुंबर लखलखते, चांदणे पसरते, ऊन रणरणते, आणि प्रखर तेजापुढे डोळे दिपतात. प्रमाण, दिशा, पसरटपणा, चमक आणि त्रास असे सर्व भेद या शब्दांत आले आहेत. कवडशाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फट चौकोनी असो वा वाकडीतिकडी, पुरेशा अंतरावर पडलेला कवडसा गोल किंवा लंबगोलच दिसतो. कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असतो. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

प्रकाशयोजनेचा आरंभ सूर्याच्या भूमितीपासून होतो आणि ही भूमिती गावागणिक बदलते. चिखलीचे अक्षवृत्त सुमारे २०.३५ अंश उत्तर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, २२ मेच्या आसपास आणि पुन्हा २१-२२ जुलैच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची आणि चिखली सुमारे ७६.२५ अंशांवर, त्यामुळे ही मध्यान्ह घड्याळात बारा वाजता येत नाही; मेमध्ये ती १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास येते. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून घराच्या दक्षिण भिंतीवर त्या वेळी ऊनच नसते. उलट २१-२२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा ४६ अंश वर येतो. दक्षिणेच्या दाराची वरची चौकट जमिनीपासून ७ फूट असेल आणि वर छज्जा नसेल, तर त्या दिवशी ऊन घरात सुमारे पावणेसात फूट आत शिरते. थंडीत हवेसे ऊन आत यावे आणि उन्हाळ्यात ते बाहेरच थांबावे, ही किमया दक्षिण बाजूस एका बेताच्या छज्ज्याने साधते. पूर्व आणि पश्चिम बाजूंना ती साधत नाही. तिथे सूर्य खालून, तिरका येतो आणि आडवा छज्जा निरुपयोगी ठरतो. तिथे उभ्या फळ्या, जाळी, चिकाचे पडदे किंवा कडुनिंबाचे झाडच कामी येते. पश्चिमेला मोठी काच लावून मग तिच्यावर जाड पडदा ओढून बसणारी नवी घरे पाहिली की हळहळ वाटते.

सूर्याची हीच भूमिती किरणोत्सवामागेही आहे. कोल्हापूरच्या पश्चिमाभिमुख महालक्ष्मी मंदिरात ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. तारखांचे हे दोन गट योगायोगाने जुळलेले नाहीत. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या दोन्ही तारखा डिसेंबरमधल्या अयनदिनापासून सुमारे सहा आठवड्यांच्या अंतरावर आहेत, म्हणून त्या दोन्ही दिवशी सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच बिंदूत मावळतो. लोणारलाही हाच नियम लावला तर मेमधील घटनेची जोडी जुलैअखेरीस यायला हवी. पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेले असते, आणि लोकांच्या स्मरणात मेमधलाच उत्सव राहावा हे स्वाभाविक आहे.

अशा मंदिरांच्या गाभाऱ्याला खिडक्या नसतात, हे प्रथम खटकते. चिखली तालुक्यातच साकेगाव आणि सातगाव येथे मध्ययुगीन मंदिरे आहेत. हेन्री कझेन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात लोणार व मेहकरबरोबर त्यांचीही नोंद केली आहे. अशा मंदिरात शिरताना मोकळ्या उन्हातून मंडपाच्या सावलीत, तिथून अंतराळाच्या अंधुकात आणि शेवटी गाभाऱ्याच्या काळोखात असा क्रम असतो. भर उन्हात प्रदीपन सुमारे १,००,००० लक्स असते. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप आहे. एका मेणबत्तीचा एक मीटर अंतरावरचा उजेड म्हणजे साधारण एक लक्स. म्हणजे उंबऱ्याबाहेरून समईपर्यंतच्या पंचवीस-तीस पावलांत उजेड लक्षपटींच्या घरात उतरतो. डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण दृष्टिपटलाला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मंडपात घटकाभर टेकण्याची आपली रीत या दृष्टीने किती उपकारक आहे! नंतर गाभाऱ्यातल्या दोन वातींच्या उजेडात मूर्तीचे डोळे, हातातली आयुधे, प्रभावळीची वेलबुट्टी सारे दिसू लागते. याच गाभाऱ्यात आज जेव्हा पांढरी ट्यूबलाइट लावली जाते, तेव्हा भिंतीवरची तेलाची काजळी स्पष्ट दिसते आणि मूर्ती सपाट होते.

सपाट का होते, हे समजण्यासाठी उजेडाची दिशा लक्षात घ्यावी लागते. समोरून पडलेला उजेड उंचसखलपणा पुसतो. बाजूने, पृष्ठभागाला घासत गेलेला उजेड प्रत्येक खाचेत सावली भरतो आणि शिल्प उठून दिसते. काळ्या पाषाणाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण चुन्याची पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परत देते, तर काळा दगड जेमतेम दहावा हिस्सा. अशा दगडाची मूर्ती दिसते ती मुख्यतः तिच्या घोटीव अंगावरच्या चमकत्या कडांमुळे. मेहकरला १८८८ मध्ये सापडलेली शार्ङ्गधर बालाजीची सुमारे ११ फूट उंच मूर्ती पाहताना याचा प्रत्यय घ्यावा. छताची गोष्ट आणखी वेगळी आहे. मंदिराच्या छतावरच्या कोरीव कामाला वरून उजेड मिळणे शक्यच नसते. दारातून जमिनीवर पडलेले ऊन उलटून वर जाते आणि तेच छताला उजळते. म्हणून अशा मंडपाच्या फरशीवर गडद सतरंजी अंथरली तरी छत काळवंडते.

आपल्या भागातून बुलडाण्यावरून पश्चिमेला गेले की अजिंठा येतो, आणि उजेडाच्या अभ्यासकासाठी त्याच्याइतकी मोठी शाळा दुसरी नाही. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर लेण्यांची तोंडे एकामागून एक वेगवेगळ्या दिशांना वळत जातात, त्यामुळे दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी वेगवेगळी लेणी उजळतात. त्यांचे प्रकाशाच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात : चैत्यगृहे आणि विहार. चैत्यगृहांत, म्हणजे ९, १०, १९ आणि २६ या क्रमांकांच्या लेण्यांत, दर्शनी भागावर नालाच्या आकाराचे मोठे गवाक्ष आहे. ते दाराच्या बरेच वर असल्याने त्यातून येणारा उजेड उपासकाच्या डोळ्यांवर न येता लांबवर, मागच्या स्तूपावर पडतो, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांमागची प्रदक्षिणेची वाट अंधुक राहते. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी जे लेणे पाहून थबकला, ते असेच एक चैत्यगृह, दहाव्या क्रमांकाचे. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी असेही मांडले आहे की १९ व्या लेण्याचा अक्ष हिवाळी अयनदिनाच्या आणि २६ व्याचा उन्हाळी अयनदिनाच्या सूर्याशी जुळवलेला आहे.

विहारांचे तसे नाही. पहिल्या क्रमांकाच्या विहारातले दालन सुमारे ६४ फूट लांब-रुंद आहे आणि त्याला उजेड फक्त समोरच्या दारांतून व खिडक्यांतून मिळतो. विख्यात पद्मपाणी आणि वज्रपाणी मागच्या भिंतीवर, म्हणजे उजेडापासून सर्वांत दूर आहेत. तिथे चित्रकारांनी कसे काम केले असेल, हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षकाला पडतो. तेलाचे दिवे तर असतीलच. शिवाय बाहेरचे ऊन चकचकीत किंवा पांढऱ्या पृष्ठभागावर घेऊन आत वळवले असावे, असा एक तर्क आहे. तो अशक्य नाही, कारण लेण्यांत वीज नव्हती तेव्हा वाटाडे आरसे आणि पांढरी चादर वापरून अगदी असेच चित्रे दाखवत. पुढे आले ते विजेचे दिवे. जुना तापतंतूचा दिवा घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णतेतच घालवतो, आणि मातीच्या गिलाव्यावरच्या दीड हजार वर्षे जुन्या चित्रांना उष्णता, आर्द्रता व श्वासांचा उबारा हे तिन्ही घातक आहेत. त्यामुळे आता चित्रांसाठी उष्णता न देणारे मंद दिवे वापरले जातात. अतिसंवेदनशील कलावस्तूंवर सुमारे ५० लक्सहून अधिक उजेड नसावा, हा जगभरच्या संग्रहालयांचा संकेत आहे. एवढ्या उजेडात रंग ओळखू येतात; घाई मात्र करून चालत नाही.

याच पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्ती आहे. वाटाडे दिवा डावीकडे, उजवीकडे आणि समोर धरून दाखवतात तेव्हा चेहऱ्यावरचा भाव पालटत जातो. कधी गंभीर, कधी स्मित, कधी ध्यानमग्न. ओठांच्या कोपऱ्यातली आणि पापणीखालची सावली सरकते, एवढेच त्यामागचे कारण. प्रकाशयोजनेच्या विद्यार्थ्याने तिथे अर्धा तास उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

घरांची परंपरा मंदिरांहून निराळी आहे. वाड्यात उजेडाचा स्रोत म्हणजे मधला चौक. वरून आलेला उजेड फरशीवरून आणि चुन्याच्या भिंतींवरून उलटून सोप्यात जातो, सोप्यातून माजघरात, आणि देवघरापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे तेज ओसरते. तिथे समई असते. सिंदखेडराजाला, जिथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, तो लखुजीराव जाधवांचा वाडा पाहताना तटबंदीच्या जाड भिंतींमुळे चौकाचे महत्त्व चांगले कळते. धाब्याच्या साध्या घरात चौक नसे, पण छताला साणे असे. धूर वर जाई आणि तिथूनच उन्हाचा एक खांब खाली येई. जमिनीवर तो कुठवर सरकला यावरून घरातल्या बाईला वेळ कळे. रात्रीसाठी भिंतीत देवळी, तिच्यात पणती. पुढे चिमणी, कंदील आणि लग्नाकार्यात गॅसबत्ती. देवळीतला दिवा वाऱ्यापासून सुरक्षित राहतो, आणि तिची पांढरी आतली बाजू परावर्तकाचे काम करते. आजच्या दिव्यांच्या टोपणात हेच तत्त्व आहे.

गिरण्यांनी उजेडाचा आणखी एक प्रयोग महाराष्ट्रात आणला. मुंबईच्या गिरणगावात विणकामाच्या शेडना करवतीच्या दात्यांसारखे छप्पर असे आणि त्या दात्यांची उभी, काचेची बाजू उत्तरेला असे. उत्तरेचा उजेड थेट उन्हाचा नसून आभाळाचा असतो. तो दिवसभर फारसा बदलत नाही आणि त्याच्या कडक सावल्या पडत नाहीत. सूत तुटले की लगेच दिसावे यासाठी तो योग्य. विलायतेत हे छप्पर बाराही महिने जवळजवळ निर्दोष चालते. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य स्वतःच उत्तरेला जातो, याचे भान मात्र ठेवावे लागते.

कृत्रिम दिव्यांचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. ६० वॅटचा तापतंतूचा दिवा जेवढा उजेड देई, तेवढा आज ८-९ वॅटचा एलईडी देतो. निळ्या एलईडीचा शोध या क्रांतीच्या मुळाशी आहे. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वीज वाचली, पण निवडीची जबाबदारी वाढली. एलईडी घेताना वॅट सोडून दोन आकडे पाहावेत. पहिला रंगतापमानाचा, जो केल्व्हिनमध्ये असतो. पणतीची ज्योत सुमारे १,९०० केल्व्हिन, जुना पिवळा बल्ब २,७००, दुपारचे ऊन ५,५००. वेष्टनावरचा ६,५०० हा आकडा म्हणजे निळसर पांढरा उजेड. दुसरा रंगनिष्ठेचा, १०० पैकी. तो ८० च्या खाली असेल तर हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल आणि माणसाच्या कातडीचा रंग खोटा दिसतो. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक लुगडे घेऊन दारात, उजेडात येते, ते याच कारणाने.

अमेरिकन प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली (१९१०–१९७७) यांनी वास्तूतील उजेडाचे तीन प्रकार सांगितले आणि ते वर्गीकरण आजही शिकवले जाते. सभोवार पसरलेला सावलीरहित उजेड, एखाद्या वस्तूकडे दृष्टी खेचणारा केंद्रित उजेड आणि डोळ्यांना उल्हसित करणारी लखलख. आपल्या वाड्यात हे तिन्ही होते : चौकातला उजेड, देवापुढची समई आणि हंड्या-झुंबरे. आजच्या घरात बहुधा पहिलाच उरला आहे, छताच्या मध्यावरच्या एका दिव्याच्या रूपाने. त्या दिव्याकडे पाठ करून वाचायला बसलेल्या मुलाची सावली त्याच्याच वहीवर पडते.

भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. उष्ण व कोरड्या हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश असावे, उष्ण व दमट हवामानात एक षष्ठांश, असे ती सांगते. बाहेर आभाळाचा उजेड ८,००० लक्स धरून आतल्या खोलीला त्यातले किती टक्के मिळतात हे मोजायचे. स्वयंपाकघराला अडीच टक्के, म्हणजे २०० लक्स, अपेक्षित आहेत. घर बांधताना गवंडी आणि मालक यांच्यात फरशीच्या रंगावर तासभर बोलणे होते. खिडकी कोणत्या भिंतीत आणि किती उंचीवर, हा प्रश्न पाच मिनिटांत निकालात निघतो. खिडकी वर सरकवली की उजेड खोलीत अधिक आत जातो, आणि यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

उजेड अडवणे हाही या शास्त्राचाच भाग आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळ स्थळ आहे. त्याच्या काठावर पर्यटनासाठी दिवे लावायचे झाल्यास त्यांचे तोंड खाली असावे, रंग उबदार असावा आणि मध्यरात्रीनंतर ते विझावेत. वटवाघळे, घुबडे आणि रातकिडे यांचा दिवस अंधार पडल्यावरच सुरू होतो.

याच परिसरात उजेडाची एक जुनी दंतकथा सांगतात. मेहकरला कंचनीचा महाल म्हणून एक पडकी वास्तू आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या एका संग्रहाचेही तेच नाव आहे. लोणारच्या देवळातला दिवा आपल्या गच्चीवरून दिसावा म्हणून कंचनी नावाच्या नर्तकीने हा महाल उंच उंच चढवत नेला, अशी ती कथा. मेहकर ते लोणार हे सरळ रेषेतले अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. जमीन सपाट धरली तर पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावरची जमिनीलगतची ज्योत दिसायला साधारण ३० मीटर उंची हवी. म्हणजे महाल उंच करण्याची तिची कल्पना भूमितीला धरून होती. एकटी ज्योत मात्र अगदी स्वच्छ, काळ्या रात्रीही दोन-अडीच किलोमीटरपलीकडे दिसेनाशी होते. पण उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून हवेतली धूळ-धुके सोडले तर शंभर ज्योती एकत्र पेटवल्यास त्या दहापट दूरवरून दिसतात. एखाद्या काळ्या, चंद्र नसलेल्या रात्री लोणारात शंभर पणत्या एका जागी लागल्या असत्या आणि हवा अगदी स्वच्छ असती, तर दक्षिण क्षितिजावर टेकलेल्या एखाद्या मंद ताऱ्याइतका तो उजेड कंचनीला दिसू शकला असता.